खळ्यावरचं पाणी

आमच्या होडीला शीड होतं, आणि शहापूरच्या डोंगरात शीड म्हणजे लोकांना फुकटचा तमाशा. ह्यांनी लग्नाआधी काही वर्षं खाडीत रेतीच्या होड्यांवर काम केलं होतं. तिथून येताना त्यांनी कमरेचं दुखणं आणलं, आणि पुढे नव्वदनंतर कधीतरी एक जुनी होडी आणली, डोलकाठीसकट. ती ट्रकवर घालून आणताना आटगावच्या फाट्यावर चहाला थांबले, तर टपरीवरचे लोक विचारायला लागले, "काय रे, समुद्र हिकडं सरकला का काय?" हे म्हणाले, "सरकंल तवा जागा नको का धरून ठेवायला?"

समुद्र नव्हता, धरणाचं पाणी होतं. ह्यांचं गाव त्या पाण्याखाली गेलं तेव्हा हे शाळकरी पोर होते. माणसं वर टेकाडावर राहायला आली, घरांचे चौथरे आणि शेतं खालीच राहिली. मी मुरबाडकडची. आमची नदी चैत्रात घोट्याएवढी व्हायची आणि वैशाखात तिच्या वाळूत खड्डे खणून हंडे भरावे लागायचे. पोहायला शिकायचं तर आधी पाणी लागतं. आमच्याकडच्या बायकांना पोहता येत नाही यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, मलाही नाही. लग्न करून आले ती थेट पाण्यावर संसार थाटायला, आणि तेव्हाही मला हे कुणी विचारलं नाही.

वरच्या तुकड्यातलं भात कापून झालं, दिवाळी झाली, की आम्ही होडीवर जायचो ते चैत्र लागेपर्यंत. मासे लांबच्या खोऱ्यात चांगले लागायचे आणि तिथून रोज घरी येणं परवडायचं नाही. संध्याकाळी जाळी टाकायची, उजाडताना काढायची. सकाळी घाटाकडून वारा सुटायचा, त्याच्यावर शीड लावून सडकेच्या काठाला जायचं, तिथे माशांचा टेम्पो यायचा. दुपारनंतर वारा उलटला की परत. सासू-सासरे लग्नाआधीच वारले होते, घरी पोरीला सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून पोरगी बरोबरच. रांगायला लागली ती होडीतच. मी सांगतेय त्या वर्षी ती चार पूर्ण होऊन पाचव्यात होती.

होडीचा पुढचा भाग म्हणजे स्वयंपाकघर. मातीनं भरलेलं घमेलं, त्यात चूल. मध्ये जाळी, मागे अंथरूण, आणि रात्री वर ताडपत्री. डोलकाठीपासून मागच्या खुंटीपर्यंत दोरी, तिच्यावर पोरीचे फ्रॉक. शीड नसलं तरी ह्या फ्रॉकांवर होडी चालेल असं हे म्हणायचे. मूळचं शीड पहिल्याच वर्षी फाटलं होतं. मग मी खताच्या गोण्या उसवून, धुऊन, एकाला एक जोडून नवं शिवलं. गोण्यांवरची अक्षरं काही सुलटी आली, काही उलटी, आणि पोरगी अक्षरं शिकली ती त्याच्यावरून. पुढे शाळेत तिचा 'य' बरेच दिवस पाय वर करून उभा असायचा.

गोणीचं शीड ठिणगीनं भसकन पेटतं. म्हणून आमच्या होडीवर एक कायदा होता: शीड वर तर चूल बंद, चूल पेटली तर शीड खाली. एक तर वारा, नाही तर भाकरी. पोरगी सकाळी डोळे चोळत उठायची आणि पहिला प्रश्न विचारायची, "आय, आज वारा का भाकर?" वाऱ्याच्या दिवशी आदल्या रात्रीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा. पडलेल्या हवेच्या दिवशी ताजी भाकरी आणि मरळीचं कालवण. हे वल्हं मारून घामाघूम व्हायचे आणि आम्ही दोघी जेवायचो. तिला पडलेली हवाच जास्त आवडायची, यात नवल नाही.

आता तिला पाण्यात पडू न देण्याचं. आम्ही शेतकरी माणसं. जे फिरतं ते बांधायचं, एवढं आम्हाला कळतं. तिच्या कमरेला दोरी आणि दोरीचं दुसरं टोक डोलकाठीला. दोन्ही कडांपर्यंत हात पोचेल, पण वाकता येणार नाही, अशी बेतलेली. शिवाय पाठीवर सुकवलेला भोपळा. तो किन्हवलीच्या वन्संनी आपल्या छपरावर वाढवून, सुकवून, होडी आली त्याच वर्षी पाठवला होता. भोपळ्यामुळे तिला उताणं पडता यायचं नाही, बसली की कासवासारखी दिसायची. पण ती त्याला पाठीचाच भाग समजायची. काठावर गेलं की इतर पोरांच्या पाठी चाचपून बघायची, यांचे भोपळे कुठे गेले म्हणून.

ह्यांना पाण्याखालचं गाव पाठ होतं, आणि जाळी कुठे अडकतील हे कळायला ते लागायचंच. इथे चिंचेचं खोड, इथे पाटलाचा गोठा, इथे मारुतीचा पार. ऐकून ऐकून पोरीलाही ते पाठ झालं. खाली पाण्याशिवाय काही दिसत नसताना ती बोट दाखवून सांगायची, "बा, चिंच आली, जाळं उचल." तिला ते गाव बुडालेलं आहे हे माहीत होतं, पण त्याचं तिला वाईट वाटायचं नाही. तिच्या लेखी ते खाली होतं आणि आपण वर राहत होतो, माळ्यावर राहिल्यासारखे.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. किन्हवलीला दिलेली, एसटी स्टँडजवळ त्यांच्या घरच्यांचं चहाचं दुकान. मूलबाळ नव्हतं. माझ्या पोरीवर त्यांचा जीव इतका, की मला कधीकधी त्याचा रागच यायचा. त्या वर्षी कार्तिकात त्या भेटायला आल्या. होडी काठाला लागलेली होती. त्या होडीत कधी चढायच्या नाहीत. "त्या पान्यावरनं मला जायचं नाय," एवढंच म्हणायच्या. मी मनात म्हणायचे, बरंय, माझ्यासारखी पाण्याला भिणारी आणखी एक आहे.

काठावर उभं राहून त्यांनी डोलकाठीला बांधलेली भाची पाहिली आणि भावाकडे वळल्या.

"ही दोरी कशाला?"

"पडू नये म्हनून."

"आनि होडी पलटली तं?"

  खरं सांगते, इतक्या दिवसांत आम्हा दोघांच्या डोक्यात हे आलंच नव्हतं.

"दावं गुराला असतंय," वन्सं म्हणाल्या. "आनि गुरं जमिनीवर असतात. होडी गेली तं पोर तिच्यासंगं खाली जाईल, भोपळा काय करील?"

मी पुढे होऊन दोरी सोडली. गाठ सुटेना तेव्हा दातांनी सोडली. वन्सं बघत होत्या. मग त्यांनी मुद्द्याचं काढलं. पोरगी त्यांच्याकडे राहील. किन्हवलीला बालवाडी आहे, दुकानात दूध आहे, अंगण आहे. पुढे शाळाही तिथेच. त्या आवाज न चढवता बोलत होत्या आणि एकेक गोष्ट बरोबर होती, म्हणून मला जास्तच झोंबत होतं. एकदा गेलेलं पोर परत येत नाही, हे मला माहीत होतं. येतं ते सुट्टीला, पाहुण्यासारखं, आणि आत्याच्या हातचंच गोड लागतं म्हणतं.

"माझी पोर मी कुठं धाडायची नाय," मी म्हणाले.

"मंग तिला पोवायला शिकवा," वन्सं म्हणाल्या. "शिमग्याला मी येते. भोपळ्याबिगर पोवली तं ठेव तुझ्याकडं, मी पुन्हा तोंड नाय उघडायची. नाय तं माझ्याबरोबर येईल."

मी काही बोलायच्या आत हे "बरं" म्हणून मोकळे झाले. त्या दिवशी शीड खाली असून, हवा पडलेली असून मी चूल पेटवली नाही. खा म्हटलं कालची भाकर.

दोरी सुटली आणि माझं काम वाढलं. दिवसभर डोळा पोरीवर. भाकऱ्या करपायला लागल्या, जाळ्याच्या गाठी चुकायला लागल्या. आणि शिकवायचं म्हटलं तर पोरगी ऐकेना. हे तिला होडीच्या कडेवरून पाण्यात सोडायचे, ती भोपळ्यासकट तरंगायची, पण हात कडेवरून निघायचा नाही. भोपळा सोडू म्हटलं की असा टाहो फोडायची की समोरच्या डोंगरावरून आवाज परत यायचा. पौष असा गेला.

माघात पाणी उतरलं आणि ह्यांना युक्ती सुचली. गावाच्या वरच्या अंगाला ह्यांच्या वडलांचं खळं होतं, दगडांची कड घातलेलं, गोल. मळणीच्या वेळी ज्या खांबाला बैल जुंपून गोल फिरवायचे ती मेढ कधीच कुजून गेली होती, पण एका वैशाखात खळं उघडं पडलं तेव्हा ह्यांनी जुन्याच खड्ड्यात खैराचा नवा खांब रोवला होता, होडी बांधायला. माघात त्या खळ्यावर पाणी माणसाच्या छातीएवढं असायचं आणि शिमग्यापर्यंत कमरेला यायचं. तळ सपाट, ना चिखल ना खोडं. शिकायला याहून चांगली जागा नव्हती.

ह्यांनी मेढीला सैल फास घातला, दोरीचं टोक पोरीच्या हातात दिलं आणि म्हणाले, "चल, मळनी कर." ती बैलांसारखी गोल फिरायला लागली. दोरी हातात, भोपळा पाठीवर, बाप मागे आणि मी होडीत बसून हुकूम सोडत. "मान वर. पाय हलव. वाकडं तोंड करू नको." माझे हुकूम फार चांगले असायचे. पदर कोरडा ठेवून माणूस फार चांगलं शिकवतो.

हळूहळू तिनं दोरी सोडली. मेढीभोवती फेऱ्या मारायला लागली, फेरीगणिक ओरडून सांगायची, "भात झडलं का रं बा?" पण भोपळा नाही सोडला. आणि मग शिमगा तोंडावर आला असताना एका सकाळी हे जाळ्याच्या ढिगावर टेकले, आणि ढिगाखाली भोपळा होता.

मोडल्याचा आवाज मला अजून आठवतो. पोरगी त्या दिवशी जेवली नाही. पाण्यात उतरणं तर सोडाच, होडीच्या कडेला यायची नाही. बापाशी बोलणं बंद. हे बिचारे वल्हं मारताना तिच्याकडे बघत राहायचे आणि होडी भलतीकडे जायची. मला हसू यायचं नाही. मी मनातल्या मनात तिचे फ्रॉक घडी घालून पिशवीत भरत होते, आणि कुठला ठेवायचा तेच ठरत नव्हतं.

भोपळ्याची दोन शकलं झाली होती. एकाचं तिनं भांडं केलं. दुसऱ्याची होडी केली. मध्ये लाख लावून काडी उभी केली, काडीला पळसाचं पान. एका दुपारी हे मासे घेऊन दुसऱ्या एका होडीतून काठावर गेले होते, आम्ही दोघी मेढीला होडी बांधून थांबलो होतो. मी जाळं शिवत होते. तिनं आपली होडी पाण्यावर सोडली. वाऱ्यानं पान भरलं आणि भोपळा निघाला. मला वाटलं रडेल. मान वर केली तर ती पाण्यात होती.

ती भोपळ्याच्या मागे चालली होती. मेढीच्या पुढे, खळ्याच्या कडेच्या पुढे. कडेपलीकडे बांध खाली उतरतो, तिथे पाणी माझ्याही डोक्यावरून. मी साडीसकट उडी टाकली, खळ्यावर उभी राहिले, पाणी कापत कडेच्या दगडापर्यंत गेले आणि तिथे माझे पाय थांबले. पुढे जायचं म्हटलं तरी जाईनात. मी नुसती हाका मारत राहिले. तिनं भोपळा गाठला, काडी उपटून तो डोक्यावर घातला आणि तशीच मजेत पाय हलवत परत आली. तोंड वाकडं नव्हतं. मी तिला एक धपाटा घातला आणि मग छातीशी इतकं घट्ट धरलं की तीच म्हणाली, "आय, सोड."

हे आले तेव्हा त्यांना सांगितलं. त्यांनी पोरीला खांद्यावर घेऊन होडीत नाच केला, होडी डुचमळली. मी म्हणाले, कडेवर माझे पाय थांबले हो. तर हे म्हणाले, "तुला कुठं येतंय पोवता." बरोबरच होतं. पाऊस वरून पडतो म्हणावं तितकं बरोबर.

शिमग्याला वन्सं आल्या. पिशवीत पुरणपोळ्या आणि एक नवा फ्रॉक, लाल, झालरीचा. तो पाहूनच मला राग आला, न्यायच्या तयारीनंच आल्या म्हणून. खळं पाहायचं तर होडीत चढणं भाग होतं. त्या चढल्या आणि वाटभर कडेवरून खाली बघत राहिल्या. पोरगी त्यांना सांगत होती, "आत्या, ही चिंच. हा मारुती." 

मेढीपाशी पोरीनं फ्रॉक काढून टाकला आणि चड्डीवर उडी मारली. एक फेरी, दोन फेऱ्या, मग कडेच्या पलीकडे जाऊन परत. वन्संनी डोळे पुसले. मी मनात पिशवी रिकामी करायला घेतली होती. एवढ्यात त्यांनी मला विचारलं, "हिला पान्यात काय झालं तं मागं कोन जाईल?"

"हे हायेत ना."

"हा काठावर असंल तवा?"

 उत्तर पोरीनं पाण्यातूनच दिलं. "आयला पोवता नाय येत. ती दगडावर उभी ऱ्हाती."

 मला संताप आला, पोरीचा, ह्यांचा, वन्संचा. असल्या पाण्यावर मला इतकी वर्षं बसवून ठेवलं आणि आता विचारता? पण त्याच्याखाली भीती होती. वन्सं बरोबर बोलत होत्या. मेढीपासूनच लाल फ्रॉक घालून पोरगी किन्हवलीला जाताना मला दिसायला लागली होती.

वन्सं उठल्या. मला वाटलं आता म्हणतील, चला. त्यांनी लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि होडीच्या कडेवरून अलगद पाण्यात उतरल्या. मी बघतच राहिले. त्या उभ्या राहिल्या, एक पाय पुढे करून तळ चाचपला, मग दुसरा. अंगठ्यानं दगडाची कड शोधत त्या खळ्याभोवती चालल्या.

"हाय," त्या म्हणाल्या. "कड हाय तशीच हाय. हिथं बा रास घालायचा." मग कडेवरून त्यांनी अंग पुढे टाकलं, खोल पाण्यात एक मोठा वळसा घेतला आणि परत आल्या. हात इतके सहज पडत होते की ह्यांनीही वल्हं खाली ठेवलं. धरणाआधी इथे नदी होती, त्या तिच्याच काठी वाढलेल्या. लग्नाआधी सगळा डोह त्यांचाच होता, आणि मी त्यांना पाण्याला भिणारी समजत होते. त्यांना पाण्याची भीती नव्हतीच, त्यांना बापाच्या ह्या बुडालेल्या खळ्यावर यायचं नव्हतं. मला एकदम त्यांची माया आली, आणि फ्रॉकचा राग निघून गेला.

"उतर," त्या मला म्हणाल्या.

"वन्सं, मला नाय जमायचं."

"मला तरी हिथं यायला कुठं जमत व्हतं? उतर गो."

मी उतरले. पाणी कमरेएवढंच होतं, तरी मेढ दोन्ही हातांनी धरली. त्यांनी माझी बोटं एकेक करून सोडवली. एक हात हनुवटीखाली, एक पोटाखाली, आणि मला आडवं केलं. नाकात पाणी गेलं, डोळ्यांत गेलं, मी त्यांच्या दंडाला असे ओरबाडे काढले की नंतर बघवेनात. त्यांनी हात काढला नाही. होडीत पोरगी गुडघ्यांवर बसून हुकूम सोडत होती. "मान वर, आय. पाय हलव. वाकडं तोंड करू नको."

त्या दिवशी मी पोहले वगैरे नाही. मेढीपासून वन्संपर्यंत, हात दोन हात, तेही बुडत बुडत. पण वन्संनी मला पाच-पंचवीस वेळा उभं केलं आणि पाच-पंचवीस वेळा आडवं केलं, आणि शेवटी पुरणपोळ्या ओल्या अंगानंच खाल्ल्या.

दुपारनंतर वारा उलटला तरी हे वल्हं मारत वन्संना काठावर घेऊन गेले, आम्ही दोघीही गेलो. सडकेवर एसटी येताना दिसली. वन्संनी रिकामी पिशवी झटकली, पण लाल फ्रॉक मागितला नाही. तो दोरीवर इतर फ्रॉकांच्या रांगेत लटकत होता, पोरीनंच टाकला होता. त्यांनी पोरीच्या गालावरून हात फिरवला.

"पाडव्याला येते," त्या तिला म्हणाल्या. "तवर आयला शिकव. नाय शिकली तं तिलाच नेते किन्हवलीला, बालवाडीत घालते."

आम्ही हसलो, वन्संही हसल्या, आणि गाडीत बसून एकट्या गेल्या. पोरगी मात्र हसली नव्हती. तिनं ते खरं धरलं होतं. दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा जाळी अजून पाण्यात होती, हे घोरत होते, आणि ती माझा पदर ओढत होती.

"आय, ऊठ. वारा नको नि भाकर नको. आधी मळनी."